पेस्ट कोण करते?

व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा चालू करणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते. बाहेरच्या संगणकावर, म्हणजे होस्टवर, एखादी आज्ञा कॉपी केली, आतल्या यंत्रात, म्हणजे गेस्टमध्ये, जाऊन कंट्रोल-व्ही दाबले आणि काहीच उमटले नाही. किंवा तासाभरापूर्वी आतच कॉपी केलेले भलतेच काही उमटले. दोन्ही खिडक्या एकाच पडद्यावर आणि एकाच कीबोर्डच्या हुकमतीत असताना असे का व्हावे, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर गेस्ट ॲडिशन्स बसवा आणि शेअर्ड क्लिपबोर्ड ‘बायडायरेक्शनल’ करा. व्हीएमवेअर असेल तर टूल्स बसवा. रिमोट डेस्कटॉप असेल तर आरडीपीक्लिप हा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करा. ही उत्तरे बरोबर आहेत आणि या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत ती पायरीपायरीने दिलेलीही आहेत. पण त्यांतून वाचकाच्या मनात एक समज पक्का होतो, की कॉपी-पेस्ट चालणे ही स्वाभाविक स्थिती आणि न चालणे हा बिघाड. या प्रस्तावनेचे म्हणणे उलटे आहे. दोन यंत्रांमध्ये कॉपी-पेस्ट न चालणे हीच मूळ स्थिती आहे, आणि ती तशी असण्याला सबळ कारण आहे. तक्रार करायचीच तर ती वाट बंद असल्याची करू नये. ती उघडताना माणसाची संमती विचारली जात नाही, याची करावी.

कॉपी-पेस्ट ज्या रूपात आज आपल्या बोटांना सवयीचे आहे, ते कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात घडले. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७४-७५च्या सुमारास तिथल्या आल्टो संगणकासाठी ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक तयार केला. तो हवा होता झेरॉक्सच्याच मालकीच्या गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेला. कात्री आणि गोंद घेऊन हस्तलिखितावर बसणाऱ्या संपादकांना तेच काम पडद्यावर करता यावे म्हणून. त्याआधीच्या प्रोग्राममध्ये मजकूर हलवायचा तर आधी एका वेगळ्या अवस्थेत शिरावे लागे, आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरले की टंकलेले साधे अक्षरही आज्ञा ठरे. टेस्लर यांना या अवस्थांचा, त्यांच्या भाषेत ‘मोड्स’चा, इतका तिटकारा होता की मोटारीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी ‘नो मोड्स’ असे लिहवून घेतले होते. पुढे ते ॲपलमध्ये गेले आणि १९८३च्या लिसातून व १९८४च्या मॅकिन्टॉशमधून ही पद्धत घराघरात पोचली. माणूस आणि मजकूर यांच्यामधला अडसर काढून टाकणे हे या सगळ्या कामाचे ध्येय होते, आणि ते इतके पूर्ण साधले की त्यातले गृहीतक आता कोणाच्या लक्षातही येत नाही. गृहीतक असे: संगणक एकाचा, त्यापुढे बसलेला माणूस एक, आणि त्यावर चालणारे सगळे प्रोग्राम त्याच्याच बाजूचे. म्हणूनच क्लिपबोर्डला मालक नसतो, पत्ता नसतो, कुलूपही नसते. जो प्रोग्राम मागेल त्याला तो शेवटची कॉपी देऊन मोकळा होतो.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना मात्र अगदी विरुद्ध गरजेतून आली. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमचे सायंटिफिक सेंटर होते. तिथे १९६४पासून रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने सीपी-४० ही प्रणाली रचली. तिच्यातून सीपी-६७ निघाली आणि १९७२ साली व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन जाहीर झाले. एक अवाढव्य, महागडा संगणक अनेकांनी वापरायचा, पण प्रत्येकाला आपापला पूर्ण संगणक मिळाल्यासारखे वाटावे आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम कोसळू नये, हा हेतू. त्या व्यवस्थेत एका यंत्रातला मजकूर दुसऱ्यात कसा जाई, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला एक काल्पनिक कार्ड-पंच आणि एक काल्पनिक कार्ड-रीडर असे. पाठवणारा आपल्या पंचाचा रोख अमुक वापरकर्त्याकडे, असे नाव घेऊन वळवी. कार्डांचा गठ्ठा त्या वापरकर्त्याच्या रीडरमध्ये जाऊन पडून राही. आणि त्याने स्वतः आज्ञा देऊन तो वाचून घेतल्याखेरीज त्याच्या फायलींत काहीही शिरत नसे. देणारा नाव घेऊन देई, घेणारा ठरवून घेई. पन्नास वर्षांपूर्वीची ही पद्धत आज हास्यास्पद वाटेल इतकी संथ होती. पण प्रत्येक हस्तांतरात दोन माणसांच्या दोन स्वतंत्र कृती होत्या, आणि नंतरच्या चकचकीत सोयींनी नेमक्या त्याच गमावल्या.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा यंत्रांच्या अटी काटेकोरपणे मांडल्या. आतल्या प्रोग्रामला त्याच्या वाट्याबाहेरच्या साधनांना हात लावता येऊ नये, ही त्यांतली एक अट. घरगुती संगणकांतल्या इंटेलच्या प्रोसेसरांना या अटी नीट पाळता येत नसत. ती अडचण प्रोग्रामच्या बळावर ओलांडून १९९९मध्ये साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवली ती व्हीएमवेअरने. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून वर आलेली ही कंपनी डायेन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९८ साली स्थापन केली, तीही पालो आल्टोतच. एकाच गावात पंचवीस वर्षांच्या अंतराने एकाने अडसर काढण्याची कला सिद्ध केली आणि दुसऱ्याने अडसर उभारण्याची. दोन्ही एकाच पडद्यावर आल्यावर खटका उडणे अटळ होते.

हा खटका यंत्राच्या पातळीवर कसा दिसतो? गेस्टमधल्या कार्यप्रणालीला आपण दुसऱ्या संगणकाच्या पोटात आहोत हे माहीत असण्याची गरज नसते, आणि होस्टला गेस्टचा पडदा दिसतो तो नुसत्या रंगीत ठिपक्यांच्या रूपात. त्या ठिपक्यांतले कोणते अक्षर निवडले, कोणते कॉपी केले, हे बाहेरून कळायला मार्गच नाही. म्हणून गेस्टच्या आत एक प्रतिनिधी बसवावा लागतो. व्हीएमवेअर टूल्स, व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट ॲडिशन्स, लिनक्सच्या जगातला स्पाइस-व्हीडीएजंट, विंडोजचा आरडीपीक्लिप, ही सगळी त्याच प्रतिनिधीची नावे. आतल्या क्लिपबोर्डवर तो डोळा ठेवतो, काही बदलले की एका खास मार्गाने बाहेर कळवतो आणि बाहेरचे आत आणतो. एवढे कळले की पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो. प्रतिनिधी बसवलेलाच नसेल, बसवलेला असून सुरू नसेल, किंवा त्याचे आणि होस्टचे आवृत्तीवरून जमत नसेल, तर पूल तुटतो. विंडोज आणि लिनक्स ओळ संपल्याची खूण वेगवेगळी करतात, म्हणून पलीकडे गेलेल्या मजकुरात कधी चिकटलेल्या ओळी दिसतात, कधी फालतू चिन्हे. लिनक्सच्या जुन्या एक्स व्यवस्थेत तर एक सोडून दोन क्लिपबोर्ड असतात. मजकूर नुसता माउसने निवडला तरी त्यांपैकी एक भरतो. नव्या वेलँड व्यवस्थेत साधारणपणे समोर उघड्या असलेल्या खिडकीलाच क्लिपबोर्ड वाचता येतो, त्यामुळे पडद्याआड बसलेल्या प्रतिनिधीची पंचाईत होते आणि अद्ययावत प्रणाली बसवल्यावर कॉपी-पेस्ट बंद पडल्याची ओरड होते. ही ओरड करणाऱ्यांना वेलँडचा राग येतो. वास्तविक या वादात वेलँडची बाजू बरोबर आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

मराठी वाचकाला इथे एक वेगळीच अडचण भेटते. प्रतिनिधी नसेल तेव्हा काही प्रणाली पर्यायी युक्ती देतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये क्लिपबोर्डवरचा मजकूर गेस्टमध्ये ‘टाइप’ करण्याची सोय आहे. ती मजकूर पाठवत नाही; कोणी कळा दाबत असल्याचा आभास निर्माण करते. इंग्रजी अक्षरांसाठी हे ठीक. पण देवनागरी अक्षरे अमेरिकी मांडणीच्या कीबोर्डवर नसतात, त्यामुळे गेस्टमधला कीबोर्ड तसा असेल तर मराठी वाक्य या वाटेने पलीकडे जाण्याची आशाच नको. सगळी भिस्त मग खऱ्या क्लिपबोर्डवर येते, म्हणजे पुन्हा त्या प्रतिनिधीवर.

आता मूळ मुद्दा. या पुलावरून नेमके काय जाते? आपण कंट्रोल-सी दाबतो तेव्हा बहुधा मजकूर लगेच जात नाही. रिमोट डेस्कटॉपच्या नियमावलीत तर स्पष्ट आहे, की कॉपी करणारी बाजू आधी फक्त जाहीर करते: माझ्याकडे अमुक प्रकारचा मजकूर किंवा चित्र आहे. दुसरी बाजू मागेल तेव्हा तो दिला जातो. ऐकायला हे नेमके हवे तसे वाटते. पण मागणी करतो तो प्रोग्राम. माणसाने पलीकडे खरोखर कंट्रोल-व्ही दाबले की पाठीमागे चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने गुपचूप हात पुढे केला, यांतला फरक पुलाला दिसत नाही. पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून तुम्ही बँकेचा पासवर्ड कॉपी केला, तो होस्टवरच्याच ब्राउझरमध्ये घातला, गेस्टच्या खिडकीकडे पाहिलेही नाही; तरी पूल उघडा असेल तर तो पासवर्ड गेस्टमधल्या कोणालाही मागता येतो. काही सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसण्याची दक्षता तुमचा प्रोग्राम घेतो खरा, पण पलीकडे गेलेली प्रत पुसणे त्याच्या हाती नसते. विंडोजमध्ये २०१८पासून क्लिपबोर्डचा इतिहास साठवण्याचीही सोय आहे. टेस्लर यांच्या रचनेत पेस्ट ही माणसाची कृती होती. दोन यंत्रांमधल्या पुलावर ती प्रोग्रामची विनंती होऊन बसली. बँकेत रोखपालापुढच्या काचेला खाली फट असते, ती असावीच लागते. पण त्या फटीतून पैसे सरकवणारा हात रोखपालाचा असतो. इथे फट आहे आणि हात कोणाचा हे विचारण्याची सोय नाही.

ही भीती कागदावरची नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये व्हीएमवेअरने एक सूचना काढली: वर्कस्टेशन आणि फ्यूजन या उत्पादनांतल्या ओढून-टाकण्याच्या सोयीत एक दोष आहे, आणि त्याचा फायदा घेऊन गेस्टमधला प्रोग्राम थेट होस्टवर आपली आज्ञावली चालवू शकतो. दोष दुरुस्त होईपर्यंतचा उपाय काय, तर ओढून-टाकणे आणि कॉपी-पेस्ट या दोन्ही सोयी बंद ठेवणे. सोय हीच पळवाट झाली होती. त्याहून बोलके प्रकरण २०१९चे. चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी दाखवले की रिमोट डेस्कटॉपने जोडलेला दूरचा संगणक दुष्ट असेल, तर वापरकर्त्याने तिथली फाइल कॉपी करून आपल्याकडे पेस्ट करताच तो भलत्याच फोल्डरात, उदाहरणार्थ संगणक सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रामांच्या फोल्डरात, स्वतःची फाइल टाकू शकतो. मायक्रोसॉफ्टने प्रथम हे निरीक्षण मान्य केले, पण तातडीने दुरुस्त करण्याइतके गंभीर मानले नाही. मग लक्षात आले की हायपर-व्हीची ‘एन्हान्स्ड सेशन’ ही सुखसोय आतून त्याच रिमोट डेस्कटॉपवर उभी आहे. म्हणजे ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये संशयास्पद फाइल तपासायची, तिथूनच होस्टवर हल्ला होऊ शकतो. जुलै २०१९मध्ये दुरुस्ती आली. ती अपुरी निघाली, कारण मार्ग लिहिताना उलटी तिरपी रेघ तपासली होती, सुलटी तपासायची राहिली होती. २०२०च्या फेब्रुवारीत आणखी एक दुरुस्ती करावी लागली. एका रेघेची ही गोष्ट लहान वाटेल, पण क्लिपबोर्डच्या पुलावर किती प्रकारचा माल येतो आणि प्रत्येकाची तपासणी किती किचकट आहे, ते तिच्यातून कळते.

यावर पहिला आक्षेप असा, की फायली आणि चित्रे धोक्याची असतील, साधा मजकूर तर निरुपद्रवी आहे ना. मजकूर निरुपद्रवी असतो तो निबंधात. टर्मिनलमध्ये पेस्ट केलेल्या मजकुराच्या शेवटी ओळ संपल्याची खूण असेल तर आज्ञा वाचून होण्याआधीच चालू लागते. टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामच्या डिसेंबर २०२०मधल्या ५.१ आवृत्तीपासून पेस्ट केलेला मजकूर वेगळा ओळखून थांबवण्याची पद्धत मुळातच चालू ठेवलेली असते, ती याच अनुभवावरून. गेस्टमधून होस्टवर येणारा मजकूर गेस्टमधल्या कोणीतरी वाटेत बदललेला असू शकतो, हेही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. वाट बंद केली की माणसे काम थांबवत नाहीत, आडवाटा शोधतात. हिंजवडीतून अमेरिकी आरोग्यविमा कंपनीच्या प्रणालीवर काम करणारा असो की न्यू जर्सीतल्या घरून रुग्णालयाच्या संगणकात शिरणारी मराठी तरुणी असो, कंपनीने क्लिपबोर्ड बंद ठेवलेला असतो, कारण १९९६च्या हिपा कायद्याने रुग्णांच्या माहितीची जबाबदारी अशा संस्थांवर टाकली आहे. मग चूक-संदेश हाताने उतरवला जातो, नाहीतर फोनने पडद्याचा फोटो काढला जातो, नाहीतर स्वतःलाच ईमेल पाठवली जाते. या तिन्ही वाटा क्लिपबोर्डपेक्षा वाईट आहेत. फोटो तर फोनवरून आपोआप कुठल्या तरी साठवणुकीत जाऊन बसतो. म्हणजे सरसकट बंदीचा परिणाम सुरक्षेच्या विरुद्धही जाऊ शकतो. हे खरे आहे. पण यातून सरसकट मोकळीक सिद्ध होत नाही; सिद्ध होते ते एवढेच, की फक्त चालू आणि बंद असे दोनच पर्याय देणारे बटण वाईट आहे. दिशा आणि प्रकार निवडता आले पाहिजेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्टकडून गेस्टकडे किंवा उलट, अशी एकच दिशा उघडता येते, आणि मुळात ती सोय बंद असते. सिट्रिक्समध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या धोरणांत फक्त साधा मजकूर जाऊ द्यायचा, असे बंधनही घालता येते. कोणती दिशा उघडायची हे कामावरून ठरते. गेस्टमध्ये कंपनीची गुपिते असतील तर आत येणारी वाट चालेल, बाहेर जाणारी नको. गेस्टमध्ये संशयित प्रोग्राम असेल तर आपला पासवर्ड आत जाणे जितके वाईट, तितकेच त्याचे काही बाहेर येणे वाईट. तिथे दोन्ही बंद. या कसोटीवर विंडोज सँडबॉक्सची रचना कोड्यात टाकते. अनोळखी प्रोग्राम बिनधास्त चालवून पाहता यावेत म्हणून ती २०१९मध्ये आली, आणि तिचा क्लिपबोर्ड मुळात उघडा ठेवला गेला.

तिसरा आक्षेप: यंत्र माझे, गेस्ट माझा, आतला कोडही माझाच, मग भ्यायचे कोणाला? ज्याचे उत्तर खरोखर ‘कोणालाच नाही’ असे असेल त्याने खुशाल दोन्ही दिशा उघडाव्यात. फक्त गेस्टमध्ये उतरवलेली शंभर परकी पॅकेजे ‘माझा कोड’ या शब्दांत बसतात का, तेवढे पाहावे.

दिशेच्या बंधनानेही हाताचा प्रश्न मात्र सुटत नाही. तो सोडवून दाखवला आहे तो क्युब्स ओएसने. पोलंडच्या योआना रुटकोव्स्का यांनी सुरू केलेली ही प्रणाली प्रत्येक कामाला वेगळे व्हर्च्युअल मशीन देते. एकातून दुसऱ्यात मजकूर न्यायचा तर आधी नेहमीसारखे कॉपी, मग कंट्रोल-शिफ्ट-सी, मग दुसऱ्या खिडकीवर जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही, आणि शेवटी नेहमीचे पेस्ट. मधल्या दोन कळा गेस्टपर्यंत पोचतच नाहीत. त्या त्याच्या बाहेरचा विश्वासू भाग ऐकतो, म्हणून आतला कोणताही प्रोग्राम त्या दाबल्याचे सोंग करू शकत नाही. एकदा दिल्यावर मधला साठा पुसला जातो. आयबीएमच्या कार्ड-पंचाची आणि कार्ड-रीडरची ही नवी आवृत्तीच आहे. अमेरिकेतल्या फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनने गुप्त स्रोतांकडून आलेली कागदपत्रे हाताळण्यासाठी पत्रकारांना दिलेले सिक्युअरड्रॉप वर्कस्टेशन याच प्रणालीवर उभे आहे. चार कृती फार होतात, असे म्हणणाऱ्यांनी फोनकडे पाहावे. आयफोनवर २०२०मध्ये एखादे ॲप क्लिपबोर्ड वाचत असल्याची सूचना दिसू लागली आणि २०२२पासून आधी परवानगी विचारली जाऊ लागली. एकाच माणसाच्या एकाच फोनवर हे आवश्यक ठरले आणि लोकांनी चार दिवसांत ते अंगवळणीही पाडून घेतले. वेलँडने समोरच्या खिडकीचा आग्रह धरला तो याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरने ४.१ आवृत्तीपासून गेस्टमधले कॉपी-पेस्ट मुळातच बंद ठेवले. मायक्रोसॉफ्टनेही २०२५मध्ये नव्याने तयार होणाऱ्या क्लाउड पीसींवर क्लिपबोर्डचा पूल बंद ठेवण्याचे जाहीर केले. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते स्पष्ट आहे. फक्त बहुतेक उत्पादकांची मजल अजून बटण बंद करण्यापर्यंतच गेली आहे, कळ माणसाच्या हाती परत देण्यापर्यंत नाही.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक प्रणालीत हा पूल कसा उघडायचा, कसा मिटायचा आणि बिघडला तर कुठे पाहायचे, हे दिले आहे. उघडण्याच्या सूचना शोधत आलेल्या वाचकाला त्या मिळतील. त्याला विनंती एवढीच, की पहिले प्रकरण सुरू करण्यापूर्वी आपल्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची क्लिपबोर्डची सेटिंग एकदा उघडून पाहावी, आणि ती चालू का आहे याचे कारण सांगता येत नसेल तिथे ती बंद करावी.